मुल्कीचा कागद

माझा जन्म इंग्रजी हद्दीत झाला, याचा मला अठरा वर्षं काडीचाही त्रास झाला नाही. भीमेच्या काठाला कुणा बागाईतदाराच्या काढणी झालेल्या रानात आमची मेंढरं बसली होती, तिथंच मायला कळा आल्या आणि मेंढरं कोंडायच्या जाळीच्या आडोशाला मी झालो. पाचव्या दिवशी बिऱ्हाड हललं. घोड्याच्या एका अंगाला कोंबड्यांचं खुराडं आणि दुसऱ्या अंगाला मी, अशी माझी पहिली सवारी निघाली. कोंबड्या मुकाट होत्या, तूच तेवढा वरडत होतास, असं माय पुढं कितीतरी वर्षं सांगायची. मिरगाच्या तोंडावर मेंढरं परतली, ओढा ओलांडून मोगलाईत आली, तेव्हा मी तीन-चार महिन्यांचा होतो. ओढ्याच्या अल्याड निजामसरकार, पल्याड इंग्रजसरकार. मेंढरांना ते ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही फारसं ठाऊक नव्हतं. नाक्यावरचा जकातीचा शिपाई जाता-येता एखादं कोकरू मागायचा, तेवढीच काय ती हद्द.

आमची वस्ती आष्टीच्या मावळतीला, तीन कोसांवर. ती खरी मायच्या माहेरची. आज्ज्याला मुलगा नव्हता म्हणून त्यानं जावयाला पल्याडहून आणून ठेवून घेतलं होतं. आज्जा गेला तेव्हा घर, चार एकर बरड आणि आंब्याचं एक झाड बाच्या नावावर झालं. बाला आम्ही बा म्हणायचो आणि अरे-तुरे करायचो. आमच्यात तसंच होतं. पावसाळ्याचे चार महिने घर भरलेलं असायचं. झुंजुमुंजू व्हायच्या आत जातं सुरू व्हायचं, मग मेंढ्या चरायला निघाल्या की मागं राहिलेली कोकरं असा काही कालवा करायची की माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येऊ नये. दिवस मावळायला मेंढ्या परतायच्या आणि दीड-दोनशे कोकरांतून प्रत्येक मेंढी आपलंच कोकरू बरोबर हुडकून काढायची. बा दारात बसून चातीवर लोकर कातायचा. तो बोलताना कातायचा, चालताना कातायचा, पाटलाच्या वाड्यात उभा राहून कातायचा. खायला बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, माय जात्यावर येसर दळायची त्याची झणझणीत आमटी, आणि मेंढीच्या दुधाचं दही, इतकं घट्ट की गाडगं उपडं केलं तरी सांडायचं नाही. सगळ्या घराला लोकरीचा वास असायचा. माझ्या सुनेच्या घरात आज तसा वास आला तर ती आधी उदबत्ती लावील आणि मग मला आंघोळ केलीत का म्हणून विचारील.

दिवाळी झाली की बिऱ्हाड पल्याड निघायचं. इकडं कोरडवाहू मुलूख, दिवाळीनंतर रानात चरायला उरतं काय? तिकडं भीमेच्या खोऱ्यात शेतकरी वाट बघत असायचे. मेंढरं रानात बसवली की खत पडतं, त्याच्या बदल्यात ते धान्य घालायचे. वाटेत पहिला मुक्काम बाच्या मूळ गावाला, ओढ्यापासून मेंढरांच्या चालीनं दिवसाच्या वाटेवर. तिथं माझी आजी होती, बाची आई, धाकट्या चुलत्याकडं राहायची. डोळ्यांनी अधू झाली होती. बा समोर बसला की त्याच्या तोंडावरनं, खांद्यावरनं, बरगड्यांवरनं हात फिरवायची आणि म्हणायची, "वाळलास रं. मोगलाईत भाकरी मिळत न्हाई का तुला?" आणि निघताना दर साली तेच. "माजी माती तुज्या हातानं हुऊ दे. धाकला हाय, पर तू थोरला हायेस." बा म्हणायचा, "कुठं बी आसलो तरी यीन, आये." हे इतक्या वेळा ऐकलं होतं की मला ते निरोप घ्यायची रीतच वाटायची.

मी मात्र आठव्या वर्षी मेंढरांमागून सुटलो. कसा, ते सांगायला हवं, कारण त्यात माझा मोठेपणा काही नाही. पाय मोडला होता, चालता येत नव्हतं, म्हणून बानं मला आष्टीत मायच्या लांबच्या बहिणीच्या ओसरीवर ठेवलं, आणि ओसरीसमोर शाळा होती. शाळा उर्दू. शिकवायला एक मौलवीसाब होते, बीडचे, ठेंगणे, पान खाणारे, रागीट आणि मनाचे मऊ. पाय बरा झाला तरी मी शाळेतनं उठलो नाही. पोरं मला मेंढका म्हणायची, माझ्या अंगाचा वास येतो म्हणून लांब बसायची. मौलवीसाबांनी एकदा सगळ्यांदेखत माझी पाटी उंच धरली आणि म्हणाले, "ऐसा खत लिखो, फिर नाक दबाओ." असं अक्षर आधी काढा, मग नाक दाबा. तेव्हापासून मी त्यांचा झालो. अठराव्या वर्षी मिडलची परीक्षा पास झालो. सगळ्या आष्टी तालुक्यात आम्ही सातजण पास झालो होतो आणि त्यांत धनगराचा मी एकटा. तेवढ्यात दोन कोसांवरच्या एका गावच्या शाळेत मास्तराची जागा निघाली. मौलवीसाबांनी माझी दरख्वास्त आपल्या हातानं लिहिली, मी तहसिलात नेऊन दिली, आणि तिसऱ्या दिवशी पेशकारानं, म्हणजे तहसिलदाराच्या कारकुनानं, ती मला परत केली. वर एक ओळ लिहिलेली. मुल्की असल्याचा कागद जोडावा.

मुल्की म्हणजे निजामाच्या मुलखातला. त्या काळी सरकारी नोकरी मुल्कीलाच मिळायची, गैरमुल्कीला नाही. नियम वाईट नव्हता, हे मी आजही म्हणतो. उत्तरेकडून लोक यायचे आणि मोठमोठ्या खुर्च्या धरायचे, त्यांना आवर घालायला तो केलेला. आवर कुणाला बसला ते पुढं येईलच. मौलवीसाबांनी मला समोर बसवून एकेक दार दाखवलं. बाप मुल्की असेल तर पोरगा जन्मानं मुल्की. "तेरा बाप पल्याडचा, तू बी पल्याड पैदा झालास. हे दार बंद." बापानं इकडं पंधरा वर्षं सरकारची चाकरी केली असेल तर. "मेंढ्या सरकारच्या नव्हत्या. बंद." बाईनं मुल्कीशी लग्न लावलं तर ती मुल्की. "ते तुला जमत असेल तर बघ," असं म्हणून ते हसले, मी हसलो नाही. मी म्हणालो, माझी आई तर इथलीच आहे, तिच्या सात पिढ्यांच्या समाधीचे दगड या रानात आहेत. ते म्हणाले, आईचं लागत नाही. उलट तुझ्या बापाशी लग्न लावून तीच गैरमुल्की झाली. राहिलं शेवटचं दार. पंधरा वर्षं या मुलखात कायम राहिल्याचं दाखवायचं, आणि मूळ गावी परत जाऊन राहायचा इरादा सोडला आहे असं हाकिमापुढं शपथेवर सांगायचं. बापानं ते केलं की बाप मुल्की, आणि बापाचा पोरगाही मुल्की.

इथं मौलवीसाब काय बोलले ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ते म्हणाले, "बापाला नीट समजाव. जाण्यायेण्याला मनाई नाही. आई आहे, भाऊ आहे, जाऊ दे, भेटू दे. फक्त तिथं परत बसायला जाणार नाही, एवढंच बोलायचं आहे." मी मान हलवली. मला सगळं समजलं होतं.

बाला मी घरी सांगितलं तेव्हा तो लोकर कातत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आंगठा कुठं बी लावतो. कागदाला काय, कागदावर आमी कदी खरं बोललोच न्हाई." खरंच होतं ते. नाक्यावर मेंढ्या शंभराच्या साठ लिहायच्या, हे सगळेच करायचे, शिपाईही हसत लिहून घ्यायचा. माय म्हणाली, "पर मूळगाव सोडलं म्हनून बोलायचं म्हंजी लई वंगाळ." बा म्हणाला, "पोराचं हुतंय ना, मंग." एवढंच. तेवढ्यावरच मी त्याला नंतर समजावीन म्हणून सोडून दिलं. जाण्यायेण्याला मनाई नाही, हे वाक्य माझ्या तोंडातून त्या दिवशी निघालं नाही. मुद्दाम गिळलं असं नाही. तेव्हा नाही.

तारखेला आम्ही तहसिलात गेलो. बानं धुतलेलं धोतर, नवं घोंगडं आणि लाल पटका असा थाट केला होता. आमच्या गावच्या पाटलानं साक्ष दिली, हा इसम बारमाही इथंच राहतो. तहसिलदार गोरेपान, सुरमा घातलेले, बोलायला मृदू. ते लखनौकडचे आहेत असं तहसिलातले लोक म्हणायचे. त्यांनी बाला विचारलं आणि पेशकारानं मराठीत सांगितलं, "हुजूर विचारतायत, तू पंधरा वर्षं इकडं कायम राहतोस का?" मी बाला पढवलं होतं, होय म्हण आणि गप बस. बानं होय म्हटलं. आणि गप बसायचं सोडून, माणूस समोर नीट विचारतोय तर नीट सांगावं म्हणून, तो पुढं बोलला, "दिवाळीला जातो, मिरगाला येतो. घर हितंच हाय."

तहसिलदारांनी लेखणी खाली ठेवली. रागावले नाहीत. उर्दूत पेशकाराला म्हणाले की हे फिरते लोक, यांचा आज मुक्काम इथं, उद्या तिथं, यांच्या शपथेचा भरवसा काय धरायचा? मला उर्दू येत होतं, बाला नव्हतं. मिसल, म्हणजे आमच्या प्रकरणाचे कागद, बंद व्हायला लागली. दप्तराची दोरी बांधायला शिपाई पुढं झाला. बाहेर ओट्यावर दुसरा एक उमेदवार आपल्या मामाबरोबर बसलेला होता, त्याच जागेसाठी. आणि मी बोललो. आयुष्यात मी पुष्कळ वाईट बोललो असेन, पण इतक्या शुद्ध उर्दूत नाही. मी म्हणालो, हुजूर, धनगर कागदावर खोटं बोलेल, पण भंडारा उचलून बोलणार नाही. माझे वडील भंडारा उचलून सांगतील.

भंडारा म्हणजे देवाची हळद. बाच्या कमरेला तिची पिशवी कायम असायची. मेंढी अडली तरी तिला लावायचा, वाटेत देवाचं ठाणं लागलं तरी वाहायचा. आमच्यात भंडारा उचलून बोललेला शब्द जिवापलीकडं पाळायचा. तो मोडला तर कळपावर येतं, वंशावर येतं. तहसिलदारांना ही कल्पना आवडली. पेशकारानं बाला सांगितलं. बानं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगू, त्या बघण्यात राग नव्हता. त्याला एवढंच विचारायचं होतं की तू म्हणतोस का? मी मान हलवली.

त्यानं वहाणा काढल्या. पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा उजव्या तळहातावर घेतला, कपाळाला लावला. पेशकार वाक्य सांगायला लागला, परत जाऊन राहायचा इरादा वगैरे, पण ते कारकुनी मराठी बाच्या जिभेवर बसेना. मग तो आपल्या बोलीत बोलला. "माज्या मूळगावाला मी परत जानार न्हाई. वढ्याच्या पल्याड पाय ठिवनार न्हाई. ठिवला तर माजी मेंढरं आन् माजा वंश बुडू दे." पेशकारानं धड न ऐकताच मान डोलावत ठरलेलं वाक्यच कागदावर लिहिलं. बानं अंगठा उठवला. कागदावर एक होतं आणि भंडाऱ्यावर दुसरं, आणि दोन्ही कळलेला माणूस त्या कचेरीत मी एकटाच होतो. तिथल्या तिथं म्हणायला हवं होतं, बा, एवढं नको, एवढं कुणी मागितलेलं नाही. पण तहसिलदार खूष झाले होते. मिसल पुढं मंजुरीला बीडला जाणार होती. मी गप्प राहिलो.

घरी परतताना बा सबंध तीन कोस कातत चालला. धागा सारखा तुटत होता, ते मी बघितलं. घरी पोचल्यावर मायला एवढंच म्हणाला, "औंदा पल्याड जायाचं न्हाई." तिला कळायला वेळ लागला. मग तिनं दुसऱ्या दिवशी चूलच पेटवली नाही.

त्या साली मेंढरं इकडंच राहिली. ज्यांनी दुष्काळी भागातला फाल्गुन-चैत बघितलेला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. बा पाला तोडायचा, बाभळीच्या शेंगा झोडायचा, ओढ्याच्या डोहापर्यंत कळप न्यायचा आणि अल्याडच्या काठाला थांबायचा. मेंढ्यांना पल्याडची वाट ठाऊक. त्या आपल्या पाण्यात उतरायच्या, दुसऱ्या काठाला चढायच्या, आणि बा अल्याडनं हाका मारून मारून त्यांना परत बोलवायचा. निम्मा कळप त्यानं चुलतभावाला देऊन टाकला. उरलेल्यांतल्या किती मेल्या ते मी मोजलं नाही. मी आष्टीत ओसरीवर बसून बीडहून कागद कधी येतो याची वाट बघत होतो.

चैतात पल्याडहून माणूस आला. आजी अंथरुणाला लागली होती. थोरल्याला बोलवा, थोरल्याला बोलवा, एवढंच म्हणते, म्हणाला. बानं त्याला भाकरी खायला घातली, पाणी दिलं, आणि सांगितलं, "तिला सांग, मी बांधलोय." माय त्याच दिवशी तीन कोस चालत आष्टीला आली. मी ओसरीवर काही वाचत बसलो होतो. ती खालीच उभी राहिली आणि म्हणाली, "तुला वाचाया येतंय. त्या कागदात खरंच तसं हाय का? आईला बगाया बी जायाचं न्हाई, आसं कोन सरकार लिवतंय?"

मी म्हणालो, "हाय तसं."

हे मी लिहून ठेवतोय. साठ वर्षं झाली, कुणाला बोललो नाही. कारणं माझ्याकडं होती. मिसल बीडला होती. चौकशीला कुणी येईल, बा पल्याड गेलाय म्हणून त्या दुसऱ्या उमेदवाराचा मामा तक्रार करील, कागद अडकेल, जागा जाईल. शिवाय मला वाटत होतं की म्हातारी माणसं अशी चार वेळा अंथरूण धरतात आणि उठतात; महिन्याभरात कागद आला की बाला सांगून टाकू, जा म्हणून. ही सगळी कारणं आजही मला तोंडपाठ आहेत, आणि एकही कारण कुणाच्या तोंडावर म्हणता येण्यासारखं नाही. मायनं पदर डोक्यावर ओढला. मग म्हणाली, "कावून शिकवलं रं तुला," आणि उन्हाची परत गेली.

आजी आठ दिवसांनी गेली. निरोप आला तेव्हा मी वस्तीवर होतो. बा उठला, न्हाव्याला घेऊन ओढ्यावर गेला. मी मागोमाग गेलो. त्यानं अल्याडच्या काठावर डोकं भादरून घेतलं, मिशा काढल्या, आंघोळ केली आणि पल्याडकडं तोंड करून बसला. मी म्हणालो, बा, चल घरी. त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही. पाण्याला त्या दिवसांत घोट्याइतकीसुद्धा खोली नव्हती.

पंधरा दिवसांनी कागद आला. मोठा शिक्का, सुंदर अक्षर. माझं नाव, बाचं नाव, आम्ही दोघं मुल्की. मला जागा मिळाली. मौलवीसाबांना इतका आनंद झाला की ते तीन कोस घोड्यावर बसून वस्तीवर आले. मायनं त्यांना दही-भाकरी दिली, ती त्यांनी आवडीनं खाल्ली, पैगंबरांपैकी कितीकजण मेंढपाळच होते असं बाला सांगितलं. मग बाच्या भादरलेल्या डोक्याकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "आई गेली म्हणे. शेवटची भेट झाली ना?"

बा म्हणाला, "कशी हुनार, मौलवीसाब. तुमच्या कागदानं बांधलं न्हवं का."

"कागदानं? अरे भल्या माणसा, जाण्यायेण्याला कुणी बांधलं? तिथं परत बसायचं नाही एवढंच होतं. मी ह्याला सांगितलं होतं, बापाला समजाव म्हणून." आणि ते माझ्याकडं वळले. "समजावलं नाहीस?"

कोकरांचा कालवा चालला होता, तरी ते विचारणं सगळ्यांना ऐकू गेलं. मी खाली बघत राहिलो. मौलवीसाबांना उमगलं असावं, त्यांनी हात धुतले आणि ते गेले. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही. पुढंही कधी फिरवला नाही.

बा मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता, चाबकानं फोडला असता, तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं उरलीसुरली मेंढरं सोडली, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि मायला म्हणाला, "पोराचं झालं. आता मी गावाकडं जातो." माय म्हणाली, "भंडारा उचललाय तुमी." तो म्हणाला, "वंश बुडू दे म्हनलोय. आता बुडायचं काय राह्यलंय?" हे तो माझ्यासमोर बोलला, मी दारात उभा होतो. आणि ओढा ओलांडून गेला. परत आला नाही.

मी मास्तर झालो. चांगला मास्तर झालो, असं लोक म्हणतात. माय माझ्यापाशी राहिली, सुगीला मात्र पल्याड जायची आणि महिना-महिना राहून यायची. मीही एकदा गेलो. बानं मला कुणी पाव्हणा आल्यासारखं घोंगडं अंथरून दिलं आणि पाऊसपाण्याचं विचारलं. नंतर बोभाटा नको म्हणून मी गेलो नाही, कारण पेशकार एकदा सहज बोलला होता की शपथ घेतलेला माणूस मूळ गावी परत जाऊन राहिला तर त्याचा कागद रद्द, आणि त्या कागदावर मिळालेलं सगळं रद्द. पुढं कधीतरी तपासणीला आलेल्या साहेबानं सगळ्या मास्तरांकडून फर्द भरून घेतली. नाव, वडिलांचं नाव, वडिलांची राहण्याची जागा. माझी लेखणी त्या रकान्यावर किती वेळ थांबली मला आठवत नाही. फार वेळ थांबली नसावी. मी लिहिलं, फौत. म्हणजे वारले. त्या वेळी बा पल्याड, भावाच्या मळ्यात मेंढरं राखत होता, बावन्न-त्रेपन्न वर्षांचा, ठणठणीत.

तो खरोखर गेला त्याला आणखी चार वर्षं लागली. सकाळी शाळेच्या दारात चुलत्याचा माणूस उभा राहिला आणि पोरांसमोर काही न बोलता त्यानं नुसतं डोक्यावरचं मुंडासं काढलं. मला कळलं. तो म्हणाला, चुलत्यानं माती थांबवलीय, सांजंपर्यंत वाट बघतो, थोरल्या घराचा एकुलता एक हाय. मी त्याला मायकडं पाठवलं आणि फळ्याकडं वळलो. रजेचा अर्ज काय म्हणून लिहायचा? माझे वडील चार वर्षांपूर्वी सरकारदरबारी वारले होते. पोटात दुखतंय म्हणून लिहिता आलं असतं, तेही सुचलं मला. पण गेलो असतो तर डोकं भादरावं लागलं असतं, आणि तसं डोकं घेऊन शाळेत आलो असतो तर पहिल्याच पोरानं विचारलं असतं, मास्तर, कोण गेलं? साहेबाची फेरी त्याच आठवड्यात होती. आता तो ओढा, ती हद्द, ते निजामसरकार, काही उरलेलं नाही. आष्टीहून नगरची एसटी त्या ओढ्यावरच्या पुलावरून धडधडत जाते आणि गाडीतल्या कुणाला पत्ता नसतो. नात परवा रहिवासी दाखल्यासाठी तहसिलात गेली होती, अर्ध्या दिवसात काम झालं म्हणून खुशीत होती.

माय त्या माणसाबरोबर एकटी गेली. तेरावा करून परत आली. कपाळ मोकळं होतं, हात मोकळे होते. मी शाळेतनं आलो तेव्हा ती चुलीपुढं बसून पीठ मळत होती. मी हातपाय धुऊन बसलो. मग विचारलं, माती कुणी दिली.

"धाकल्या चुलत्यानं."

"लोकं काय म्हणाली?"

तिनं भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "इचारत हुती, लेक कुठं हाय म्हनून. मी सांगितलं, त्यो ल्हान आसतानाच गेला."

भाकरी उलटली. मग माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, एक खाशील की दोन.